तीन टॅपचा दुखवटा

मे महिन्याचा शेवटचा मंगळवार होता, आणि सकाळी दहाच्या ठोक्याला यानागावात एकेचाळीस फोन एकदम वाजले. म्हणजे बघा, इतकं शांत गाव, घराघराच्या मागून कालवा वाहतोय, वाळुंजाच्या फांद्या पाण्यात बोटं बुडवून बसल्यात, आणि सगळीकडून एकाच वेळी तोच टिंग. वाफवलेली वाम विकणाऱ्या बाईच्या कमरेला वाजला, पतपेढीच्या खिडकीत वाजला, न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेल्या माणसाच्या खिशात वाजला. सगळ्यांना एकच ओळ आली होती. "एक महिना झाला. एझाकी कुटुंबाला पुन्हा पाठवायचं?" आणि खाली एक हिरवं, गोल, गोंडस बटण. पुन्हा.

एझाकींच्या घरातला माणूस महिन्यापूर्वी गेला होता. सेइगो त्याचं नाव, आयुष्यभर कालव्यात नाव चालवली त्याने. आणि पाठवायचं म्हणजे दुखवट्याचे पैसे.

आता तिकडे फुकुओकात, नवव्या मजल्यावर, उरिनो कायो खिडकीशी बसून पडद्यावरची हिरवी रेघ बघत होती. काही नवीन सोडलं की पहिली दहा मिनिटं तिला फार आवडायची. पाण्यावर पान सोडून ते कुठे जातं बघत राहावं ना, तसं. खाली रस्त्यावर लोक छत्र्या घेऊन उन्हातून चालले होते, काचेतून त्यांचा आवाज येत नव्हता, आणि तिला वाटत होतं आपण कुठेतरी पाण्याखाली बसलोय.

हे 'पुन्हा' बटण तिचंच होतं. दोन वर्षांपूर्वी तिने ते अ‍ॅपमध्ये घातलं. घरभाडं पाठवलं, जेवणाची वाटणी पाठवली, पोराला खर्चाला पाठवले, की शेवटी ते हिरवं गोल. दाबलं की झालं, परत पहिल्यापासून नको. लोकांना इतकं आवडलं की कंपनी मोठी झाली, कायो डिझाइनची प्रमुख झाली, आणि ऑफिसात तिचं नावच पुन्हा-सान पडलं. प्रमुख म्हणजे तशी अजून तात्पुरतीच. मालक इसोगाई म्हणाला होता, दुखवट्याची योजना शुक्रवारच्या बैठकीत पास झाली की सगळ्या क्यूशू बेटभर जाईल, आणि मग तुझं पद कायम.

योजना साधीच होती. पोरं कामाला तोक्योत, ओसाकात, गावी कोणी गेलं तर धावत पोचता येत नाही. तर अ‍ॅपमधून दुखवट्याचं पाकीट पाठवा. यानागावाच्या पतपेढीबरोबर एप्रिलात चाचणी सुरू झाली, एकेचाळीस माणसं. आणि पहिल्याच मृत्यूला आलेखात एक उंच सुळका आला. लोक एकदा पाठवून थांबत नव्हते, ते पुन्हा दाबत होते. कायोने तो सुळका बैठकीच्या कागदांच्या पहिल्याच पानावर लावला. माणसं दुःखात पुन्हा पुन्हा येतात, असं खाली लिहिलं. त्यातूनच ते महिन्याभरानंतरचं स्मरण निघालं.

आता तुम्ही म्हणाल, दुखवट्यात 'पुन्हा' शब्द कोणी तोंडातून काढतं का? पत्रात नाही लिहीत, निघताना पुन्हा भेटू म्हणत नाहीत. एक गेला, अजून एक जाईल की काय, म्हणून. शेंबड्या पोराला माहीत असतं. आणि कायोच्या हाताखाली नऊ माणसं, सगळ्यांनी घरात कोणी ना कोणी पोचवलेलं, काळे कपडे घालून उभे राहिलेले. एकाच्या लक्षात येऊ नये? नाही आलं. कारण ते बटण रोज बघून बघून तो शब्दच राहिला नव्हता. हिरवा ठिपका झाला होता नुसता.

दहा वाजून अकरा मिनिटांनी पतपेढीच्या मॅनेजरांचा, मुता-सानांचा फोन आला.

"उरिनो-सान, तुम्ही बसला आहात ना?"

"हो."

"मी पण बसलोय. उभा होतो, पण मग बसलो." मुता-सान म्हणाले. "गावात कोणी ओरडत नाहीये हो. ओरडले असते तर बरं झालं असतं. लोक फोन पालथे घालून ठेवतायत."

कायोने पडद्याकडे बघितलं, आणि त्या हिरव्या ठिपक्यातून तो शब्द एकदम वर आला, पाण्यातून मासा वर यावा तसा.

*

दुसऱ्या दिवशी ती आणि बान निघाले. बान म्हणजे तिच्या टोळीतला शब्दांचा माणूस, अ‍ॅपमधलं प्रत्येक वाक्य त्याच्या हातचं. स्टेशनाखालच्या मिठाईच्या दुकानात पोरीने विचारलं, कशासाठी हवी? बान म्हणाला, माफीसाठी. पोरीने डोळ्याची पापणी हलवली नाही. "मग योकान घ्या. माफीला जड लागतं." आणि डाळीच्या गोड वड्यांचा विटेएवढा डबा तिने राखाडी कागदात बांधून दिला.

"किती जड आहे हे," गाडीत बसल्यावर बान म्हणाला. "आपली चूक किलोत मोजली तर एवढी भरेल का?"

"बान-कुन, आज तू गप्प बसणं हीच माझी रणनीती आहे."

"ते वाक्य मी लिहिलं होतं ना, पुन्हा-सान. एक महिना झाला वगैरे. मला कळायला हवं होतं."

"'हो' मी म्हटलं होतं," कायो म्हणाली. "तू लिहिलंस, पण सोडा असं मी म्हटलं." आणि मग पाऊण तास दोघं बाहेर बघत राहिले. भाताची खाचरं पाण्याने भरलेली, त्यात ढग पडलेले, आणि गाडी त्या ढगांच्या मधून चालल्यासारखी.

मुता-सान स्टेशनावर आले होते, कोट, टाय आणि डोक्यावर नावाड्याची बांबूची टोपी. "शिकत असताना चार उन्हाळे नाव चालवलीय मी," ते म्हणाले. "रस्त्याने गेलो तर सगळं गाव समोरून बघेल. पाण्याने गेलो तर निदान घरांच्या पाठी आपल्याकडे असतील."

तर पतपेढीचा मॅनेजर टाय वाऱ्यावर उडवत लांब बांबूने नाव ढकलतोय, आणि हे दोघं मांडीवर योकान घेऊन बसलेत. कडेला जांभळी आयरिस फुललेली. नाव इतकी हळू की कायोला कळेना आपण चाललोय की काठ चाललाय. पूल आले की इतके बुटके की आडवंच व्हायला लागायचं.

"वाका," मुता-सान म्हणायचे. "सराव होईल."

वाकल्यावर पुलाच्या पोटाला पाण्यातला उजेड हलताना दिसायचा. कायोला वाटलं असंच जात राहावं, पोचूच नये.

*

फुमी-सानांनी दार अर्धंच उघडलं. सेइगोंची बायको, शहात्तर वर्षांची, केस घट्ट बांधलेले, आतून उदबत्तीचा वास. एकोणपन्नास दिवस व्हायचे होते अजून. तोवर गेलेला माणूस वाटेतच असतो, म्हणून घर कसं दबक्या पावलांचं असतं ना, तसं होतं. कायो आणि बान कमरेत वाकले आणि वाकूनच राहिले.

"उठा," फुमी-सान म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. "तुमच्या कंपनीला हे काल सगळ्या गावाला विचारायचं होतं, तर आधी मला विचारायचं. मी सांगितलं असतं की पुरे."

"आमची चूक झाली. तो शब्द..."

"शब्दाचं मी नाही म्हणत." त्यांनी आत एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे पहाटे गेले. भिक्षू येऊन उशाशी सूत्र म्हणत होते. आणि माझा फोन टिंग. म्हटलं ठीक आहे, कोणीतरी पाठवलं. मग टिंग. सूत्राची एक ओळ, एक टिंग. मी मोजत नव्हते हो, पण मोजलं जातंच. पहिलं एक, आणि वर तेवीस."

"तेवीस," कायो म्हणाली. सुळका. सव्वीस एप्रिल, पाच ते सात. पहिलं पान.

"सगळे एकाच माणसाकडून?"

"भाऊजींकडून. यांचे थोरले भाऊ. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. आम्हाला वाटलं त्यांचं डोकं फिरलं. दुखवट्याचं पाकीट कोणी दोनदा देत नाही, आणि हे तेवीस वेळा. घरातलं घरात झाकलं आम्ही. आणि काल तुम्ही अख्ख्या गावाला विचारलंत, पुन्हा पाठवायचं का. जसं काही तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही हसत होतात."

कायोला सांगता आलं असतं की आम्हाला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. दुखवट्यात कोण किती पाठवतं ते आपण बघायचं नाही, फक्त एकूण आकडे बघायचे, हा नियम तिनेच केला होता, आणि त्याचा तिला अभिमान होता. पण हे त्या दारात बोलून काय होणार होतं? ती नुसतं म्हणाली, "आम्ही हसत नव्हतो."

फुमी-सानांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "त्यांचं नाव कुठे जाऊ देऊ नका. एवढंच. माफी राहू दे." मग डब्याकडे बोट केलं. "आणि हे मला नको. भाऊजींना गोड आवडतं. पलीकडे राहतात, त्या निळ्या छपराखाली. छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलंय."

दार लागलं. बान हळूच म्हणाला, "पहिलं पान गेलं आपलं."

*

भाऊजी, म्हणजे तामेझो-सान, खिडकीजवळ गादीवर पडले होते. खिडकी कालव्यावर उघडी, त्यामुळे पाण्याचा उजेड छतावर चढून तिथे लाटा खेळत होता, आणि खोलीतलं सगळंच, म्हातारा, चहाचं भांडं, भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान, सगळं हलत्या उजेडात तरंगत होतं. सत्तर हिवाळे त्यांनी समुद्रात उभं राहून नोरीची, खायच्या शेवाळाची, शेती केली होती. हात असे, की बोटं बोटांसारखी राहिली नव्हती, मुळांसारखी झाली होती.

कायोने तातामीला कपाळ टेकवलं.

"उठ पोरी, चटईला डाग पडेल." मग मुता-सानांना, "अरे मुता, टोपी काढ, बँकेतला माणूस ना तू? आणि त्या डब्यात योकान आहे का?"

"आहे," मुता-सान म्हणाले.

"मग कशाला गळे काढता? काप ना."

मुता-सानांनी काप केले. म्हाताऱ्याने एक तुकडा गालात धरून ठेवला, आणि मग विचारलं, "ते पुन्हावालं बटण कोणाचं?"

"माझं," कायो म्हणाली.

"चांगलं आहे."

तिला वाटलं चेष्टा करतायत. पण ते छताकडे बघत होते.

"सगळ्यांना वाटतं माझं टाळकं सरकलंय. फुमी तर माझ्याशी लहान मुलासारखी बोलते हल्ली. पण मला कळत होतं मी काय करतोय." खोकला आला, तो जाऊ दिला. "वडील गेले तेव्हा पाकिटावर नाव लिहायला मी सकाळभर बसलो होतो. शाईची कांडी दगडावर घासायची, आणि शाई काळी नाही करायची, पातळ ठेवायची. अश्रू पडून फिकी झाली असं दिसायला. रडायला कोणाला वेळ होता, नोरीचा हंगाम होता. पण शाई घासताना हात चालतो, आणि माणूस बसलेला राहतो. समजलं का? आई गेली तेव्हाही तेच. आणि आता हात थरथरतात, तर हा मुता म्हणाला, फोनवरून करा आजोबा, सोपं आहे."

मुता-सान टोपीकडे बघत बसले.

"सोपंच होतं. पहाटे फुमीचा फोन आला, सेइगो गेला. मी फोन घेतला. बोट लावलं. बोट लावलं. बोट लावलं. आणि फोन म्हणाला, झालं." ते कायोकडे वळले. "काय झालं? माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. पोहायला मी शिकवलं त्याला, ह्याच पाण्यात, खिडकीखाली. आणि तीनदा बोट लावलं की झालं? बाहेर अजून उजाडलं पण नव्हतं. मी हात घेऊन बसलो. मग बघितलं तर खाली ते तुझं बटण होतं. म्हटलं बरंय, म्हणजे अजून संपलेलं नाही."

खालून एक नाव गेली, तिने हलवलेला उजेड छतावरून सरकत गेला.

"हजार हजार येन पाठवत होतो," म्हातारा म्हणाला. "उगीच वाटेल मी खुळ्यासारखं घर विकलं."

कायोने विचारलं, "मग कसं असायला हवं होतं?"

"मला काय विचारतेस? पगार तुला मिळतो ना?"

बानला हसू आलं, ते त्याने चहात लपवलं. म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या बुटक्या मेजाकडे मान हलवली. त्यावर शाईचा दगड होता, कांडी होती, कुंचला होता, सगळ्यावर बारीक धूळ. "सेइगोला अजून माझ्या हातचं पाकीट गेलंच नाही. हात चालत नाहीत. घासून दे जरा. काळी करू नकोस."

मग कायो बसली. दगडावर चार थेंब पाणी, कांडी धरायची, गोल फिरवायची. आधी नुसतं पाणी, मग पाण्यात धूर उतरल्यासारखं काहीतरी. तिला आठवलं, चार वर्षं ती हेच करत आलीय, लोकांच्या वाटेतले क्षण काढून टाकत आलीय. सात टॅपचे पाच केले, पाचाचे तीन. माशाचे खवले काढावे तसे तिने ते क्षण काढले, आणि कधी विचारलं नाही की ते गेले कुठे. आता तिला दिसलं की ते सगळे खाली कालव्याच्या तळाशी पडलेत, चमकणाऱ्या गोट्यांसारखे, आणि सेइगो-सान त्यावरून सावकाश नाव नेतायत. ती कांडी फिरवत राहिली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मागे बान भिंतीला टेकून झोपला होता, मुता-सान टाय सैल करून पाण्याकडे बघत होते. दगडावर पहाटेच्या ढगासारखा करडा रंग जमला होता.

"बस," तामेझो-सान म्हणाले. त्यांनी कुंचला घेतला, आणि नाव लिहिलं. वाकडंतिकडं, फिकं, जवळजवळ वाचता न येणारं. लिहून झाल्यावर ते ओलं असताना त्याच्याकडे बघत राहिले, सुकेपर्यंत.

*

गुरुवारी सकाळी कायोने नऊच्या नऊ जणांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. फक्त नाव आणि नातं सोडून. "सुळका म्हणजे एक माणूस आहे. आलेख मी वाचला, चुकीचा वाचला. स्मरण सोडा म्हणून मी सांगितलं. उद्या बैठकीत हे मी सांगणार आहे, तुमच्यापैकी कोणी मधे बोलायचं नाही. आता कामाला लागा, आपल्याकडे एक दिवस आहे."

"उद्या हे सांगितलं तर योजना राहील का?" एकाने विचारलं.

"माहीत नाही."

"आणि तुम्ही?"

"ते पण माहीत नाही. पण आज मी आहे, तर आज करून घेऊ."

आणि मग त्या दिवशी ऑफिसात जे चाललं ना, मजल्यावरचे बाकीचे लोक येऊन बघून जात होते. इतकी वर्षं घड्याळ लावून क्षण वाचवणारी माणसं आता बसून एकमेकांना विचारत होती, अजून हळू करता येईल का? कोणीतरी खरीच शाई पाण्यात सोडून तिचं चित्रण केलं. आधी त्यांनी आठ सेकंद ठरवले, मग वीस. मग कायो म्हणाली, "आपण कोण ठरवणारे?" आणि सेकंदच काढून टाकले. बोट ठेवायचं. बोट असेपर्यंत पाठवणाऱ्याचं नाव हळूहळू पाण्यात उमटत राहतं, ओलं राहतं. उचललं की सुकतं, आणि पाकीट जातं. पुढे 'झालं' नाही, 'धन्यवाद' नाही, बटण नाही. फक्त एक रिकामा पांढरा पडदा.

"आणि फिकं अक्षर म्हाताऱ्यांना दिसणार कसं?" बान म्हणाला. "आपलाच नियम आहे, गडद हवं."

"कोणाला आणि किती, ते गडद. स्वतःचं नाव फिकं. स्वतःचं नाव माणसाला वाचावं लागत नाही."

बानने दिवसभरात पाकीट पाठवायच्या अख्ख्या वाटेसाठी फक्त दोन वाक्यं लिहिली, आणि संध्याकाळी त्यातलं एक खोडलं.

*

शुक्रवारी अकरा वाजता बैठक. इसोगाई मेजाच्या टोकाला. बावन्न वर्षांचा माणूस, चपळ, जिने दोन दोन पायऱ्यांनी चढणारा, समोरचा बोलायला लागला की वाक्य आपणच पुरं करणारा. पण वाईट नाही. कंपनी त्याने स्वयंपाकघरातल्या मेजावरून उभी केली होती.

कायोने पहिलं पान लावलं, सुळक्याचं. "हे चूक आहे," ती म्हणाली. "हा सगळा सुळका एक माणूस आहे. बाकी चाळीस जणांपैकी कोणीही दुसऱ्यांदा पाठवलेलं नाही."

इसोगाईने पान बघितलं, तिला बघितलं. "आणि मंगळवारचं स्मरण?"

"ह्याच चुकीतून. माझा निर्णय."

"पतपेढी?"

"सोमवारपर्यंत थांबते म्हणाले मुता-सान."

"कोण आहे तो माणूस?"

"ते मी सांगणार नाही."

खोलीत कोणीतरी कागद हलवला. इसोगाई मागे टेकला. "उरिनो-सान, तू म्हणतेस की मी एका माणसासाठी योजना उलटी करायची, आणि तो माणूस कोण ते विचारायचं नाही. आकडेवाल्यांना सांगितलं तर दोन मिनिटांत नाव काढतील."

"काढतील," कायो म्हणाली. "पण मग मी ह्या खोलीत बसणार नाही. मी त्या घराला शब्द दिलाय."

"पद कायम व्हायचं होतं तुझं आज."

"हो."

"मग विश्वास कशावर ठेवू मी?"

तिने स्वतःचा फोन मेजावरून त्याच्याकडे सरकवला. "गेलेल्या कोणाचं तरी नाव घाला. कोणाचंही, पाकीट जाणार कुठेच नाही. मग बोट ठेवा."

त्याने पटपट नाव टाइप केलं, न बघता, जसं तो सगळंच करायचा. कोणाचं ते कोणाला दिसलं नाही. बोट ठेवलं. "हं, आणि आता?"

"आता काही नाही."

"किती वेळ लागतो?"

"तुम्हाला वाटेल तेवढा."

"हे बघ, हे असं चालणार नाही," तो म्हणायला लागला, बोट तसंच ठेवून. "लोक बसमध्ये असतात, कामात असतात, आपण दहा वर्षं लोकांना सांगत आलो की आमच्याकडे वेळ जात नाही, आणि तू आता त्यांना सांगणार की इथे येऊन बसा? परत येण्याचं कारण काय ठेवलंस तू? बटण काढलंस. माणूस येतो, एकदा पाठवतो, आणि मग..." तो पडद्याकडे बघत होता. "आणि मग कधी..."

वाक्य तिथेच राहिलं. हा माणूस कधी वाक्य अर्धं सोडत नसे. सगळे वाट बघत राहिले. पडद्यावरचा फिका उजेड त्याच्या हनुवटीखाली हलत होता, आणि बोट जरा पांढरं पडलं होतं, इतकं दाबून धरलेलं. एसीचा आवाज येत होता, खूप लांबच्या समुद्रासारखा. एक मिनिट गेलं. मग अजून एक. कोणीतरी खोकलं आणि स्वतःच ओशाळलं.

"बटण काढा," इसोगाई शेवटी म्हणाला. वर बघितलं नाही. "स्मरण पण. क्यूशूचं नंतर. आधी यानागावातच चालू दे, तिथल्या लोकांनी दार उघडलं तर."

"हो."

"तुझ्या पदाचं आज काही होणार नाही. पुढच्या तिमाहीला बघू."

"हो," कायो म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, संपलं. कागद गोळा झाले, खुर्च्या हळू सरकल्या. पण त्याने बोट उचललं नव्हतं. बारा वाजत आले होते. खालच्या दुकानातून भाजलेल्या मॅकेरल माशांचा वास जिन्यावरून वर चढत होता. आधी हिशेबवाल्या बाई उठल्या, दाराशी वाकून निघून गेल्या. मग विक्रीचे दोघं. बानने कायोकडे बघितलं, भुवया उंचावल्या, तिने मान हलवली, तो पण गेला, दार न वाजवता लावून घेतलं.

फोन तिचा होता, त्यामुळे ती बसून राहिली.